परदेशातून घरच्या लग्नाला येताना: मुहूर्ताआधी मोजायच्या गोष्टी

पडवी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या या चर्चामंचावर तेच प्रश्न सुटेसुटे यायला लागतात. सोनं किती चालतं, ब्लाउज कधी शिवायला टाकू, नोंदणीला किती दिवस लागतात. उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली आहेत आणि त्यातली निम्मी आता जुनी झालीत. म्हणून हा एकच धागा. अनुभवकथन नको. नियम, आकडे आणि नेमकं कुठे फसतं, एवढंच लिहू या.

सुरुवात तारखेपासून. तिकीट काढणारा पत्रिकेवरचा मुहूर्त बघतो आणि तिथून उलटे दिवस मोजतो. मोजायचं देवकापासून. ग्रहमख, देवक, हळद हे बहुतेक घरांत आदल्या दिवशी असतं, काही ठिकाणी दोन दिवस आधीही. आईवडील, सख्खी भावंडं, मामा यांचं काम तिथून सुरू होतं. देवक शुक्रवारी आणि लग्न शनिवारी असेल तर तुमची शेवटची तारीख शुक्रवार नाही, त्याआधीचा रविवार. मधले पाच दिवस असे जातात: एक विमान चुकण्याचा राखीव, एक शिंप्याचा, एक बँकेचा नि कार्यालयाचा, आणि दोन झोपेचे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून येणाऱ्याला हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक पडतो. सकाळी साडेनवाचा मुहूर्त त्याच्या शरीराला आदल्या संध्याकाळचे आठ वाटतात. त्या वेळी जाग असते, कोसळतो तो दुपारी जेवणावळीत. आल्यावर पहिले दोन दिवस सकाळी उन्हात फिरा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका.

काटकोन

तिकिटाचं मी घेतो. नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूरकडे पुढचं देशांतर्गत विमान असेल तर ते शक्यतो त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या. वेगळं तिकीट स्वस्त दिसतं, पण सामानात मार बसतो. आंतरराष्ट्रीय तिकिटावर बरेचदा २३ किलोच्या दोन बॅगा असतात. स्वतंत्र देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो. उरलेल्या ३१ किलोंचे पैसे काउंटरवर किलोमागे मोजावे लागतात. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

एक पीएनआर असला तरी बॅगा भारतातल्या पहिल्या विमानतळावर उतरवून कस्टम्समधून काढाव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात. इमिग्रेशन, पट्टा, कस्टम्स, पुन्हा सुरक्षा तपासणी. चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

आणि हे नवं: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून पुढचं बुकिंग करू नका, कोड बघा. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे अख्खं शहर आहे.

गोदाकाठ

सोनं. लग्नाच्या प्रवासात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतात.

शुल्क न भरता दागिने आणायची सवलत फक्त एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे. बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम. तिथे जाऊन आठच महिने झालेल्या भावाला हे लागू नाही. सवलत दागिन्यांची आहे. नाणं, बिस्किट यात बसत नाही, मग ते १० ग्रॅमचं का असेना. आणि दोघांची मर्यादा जोडून एकाच्या बॅगेत ६० ग्रॅमचा हार आणता येत नाही. ज्याची त्याची मर्यादा ज्याच्या त्याच्या नावावर.

वळणवाट

गोदाकाठ, त्यात किमतीचीही अट आहे ना? पुरुषाला ५०,००० रुपये आणि बाईला १ लाख. ४० ग्रॅम आजच्या भावाने १ लाखात कुठून बसणार?

गोदाकाठ

ती अट २०१६ च्या बॅगेज नियमांतली. भाव चढल्यावर ग्रॅमची मर्यादा कागदावरच उरली होती, तुम्ही म्हणता तसं. २ फेब्रुवारी २०२६ पासून नवे नियम आले, त्यात दागिन्यांना वजनाचीच मर्यादा ठेवली आहे. इतर सामानाची मोफत मर्यादाही भारतीय रहिवासी आणि भारतीय वंशाच्या प्रवाशांसाठी ५०,००० वरून ७५,००० रुपये झाली. परदेशी पर्यटकाला २५,०००. जावई परदेशी असेल तर त्याच्या बॅगेत आहेराची घड्याळं भरताना हे धरा. तान्ह्या बाळाच्या नावावर काहीच येत नाही, त्याचे वापरातले कपडे नि वस्तू सोडून.

मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रेड चॅनेलला जा, जाहीर करा, शुल्क भरा. हिरव्या वाटेने निघालात आणि मागे बोलावलं तर नुसत्या शुल्कावर भागत नाही. माल जप्त होतो, दंड वेगळा.

याहून महत्त्वाचं उलट्या दिशेचं आहे. लग्नात घालायला आजीच्या पाटल्या, तोडे लॉकरमधून काढले, परत जाताना बरोबर नेले आणि पुढच्या लग्नाला ते घालून पुन्हा आलात, तर ते 'इथलेच' आहेत हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी भारतातून निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. सरकारमान्य मूल्यांककाचा दाखला (वजन, कॅरट, वर्णन, फोटो) आधी करून न्या आणि दागिने हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन झालेल्या बॅगेतला दागिना अधिकारी बघू शकत नाही, मग प्रमाणपत्र कशाचं देणार? तासभर जास्त धरा. हे काम रात्री दोनच्या विमानाआधी घाईत होत नाही.

तिठा

रोख रकमेचं जोडतो. परकी नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त, तर येताना चलन जाहीरनामा भरायचा. आणायला बंदी नाही, न सांगता आणायला आहे. भारतीय रुपये २५,००० पर्यंतच.

कार्यालय, केटरर, मांडववाला. 'दादा, सगळं रोखीत उरकू' असं कोणी म्हणालं तरी एका प्रसंगासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दोन-तीन हप्ते केले तरी चालत नाही, कारण प्रसंग एकच. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा. म्हणून नीट व्यवसाय करणारे कार्यालयवाले स्वतःच नको म्हणतात.

परदेशात स्थायिक झालेल्याचं भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घेतलेलं असावं लागतं. यूपीआय एनआरई किंवा एनआरओ खात्यावर चालतं, आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती अशा काही देशांच्या मोबाइल नंबरवरही. मात्र ते तिथूनच चालू करून या. नवीन नोंदणीनंतर पहिले २४ तास रकमेवर कमी मर्यादा असते, आणि फुलवाल्याला त्याच दिवशी पैसे हवे असतात. भारतीय सिम असेल तर ते ९० दिवस न वापरता पडलं की बंद होण्याच्या रांगेत जातं. ओटीपी त्यावरच येतो, तेव्हा किमान रिचार्ज चालू ठेवा.

शेवंती

आता शिवणकाम. यावर कोणी लिहीत नाही आणि रडारड इथेच होते.

मापं फोनवर आकड्यांत पाठवू नका. अंगाला नीट बसणारं एक ब्लाउज कुरियरने किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. ते शक्यच नसेल तर छाती, छातीखालचा घेर, कंबर, खांदा, मुंढा (काखेभोवतीचा घेर), दंडघेर, बाहीची लांबी, पुढचा-मागचा गळा आणि पूर्ण उंची अशी नऊ-दहा मापं लागतात. मुंढा आणि दंडघेर बहुतेक जणी देतच नाहीत. नेमकं तिथेच फसतं. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असते, ती उसवून ब्लाउज सैल करता येतं. मुंढ्याच्या गोलाईत माया नसते, कारण ती ठेवली तर तिथे चुण्या पडतात. त्यामुळे काखेत काचणारं ब्लाउज आयत्या वेळी दुरुस्तच होत नाही. शिंप्याला स्पष्ट सांगा: बाजूला दोन्हीकडे दीड इंच माया, बाहीच्या शिवणीत अर्धा इंच, आणि मुंढा मापापेक्षा अर्धा इंच मोकळा.

अस्तर सुती असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवायला लावा. नाहीतर पहिल्या घामाने अस्तर आटतं, वरचं रेशीम तसंच राहतं आणि पाठीवर कापड गोळा होतं.

वेळापत्रक: कापड आणि नमुना दोन महिने आधी, शिवून तयार एक महिना आधी, आणि फिटिंग उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी. हुक फिटिंगनंतर लावायचे.

नऊवारी: साडी कापून शिवलेली हवी की नेसायची, हे आधी ठरवा. शिवलेलीला कंबर, सीट आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची लागते. कापलेली पैठणी पुन्हा साडी होत नाही. सासूबाईंनी दिलेली असेल तर शंभरदा विचार करा. नेसायची असेल तर नेसवणारी बाई कार्यालयाइतकीच आधी ठरवावी लागते.

सामानात जरीची साडी हवा काढलेल्या प्लॅस्टिक पिशवीत दाबून आणू नका, जर मोडते आणि ती घडी इस्त्रीनेही जात नाही. सुती पंच्यात सैल गुंडाळा.

पडवी

शेवंतीताई, पुरुषांचं पण सांगा. नवरदेवाचे चुलतभाऊ आदल्या रात्री येतात आणि कुडता ढोपराच्या वर असतो.

शेवंती

कुडता तयार मिळतो, छाती आणि उंची बरोबर असली की झालं. बंदगळा शिवणार असाल तर दोन ट्रायल लागतातच, पाच दिवसांत बसवणं अवघड आहे. धार्मिक विधींना शिवलेलं सोवळं घ्या. नेसायची सवय नसलेल्याचं धोतर सप्तपदीला सुटतं.

उंबरठा

विजेच्या वस्तू. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर लग्नात एक तरी केस सरळ करायचं यंत्र जळतं. भारतात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. वस्तूवरचं बारीक अक्षर वाचा. १००–२४० लिहिलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो, मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर असेच असतात. फक्त १२० असेल तर घरीच ठेवा. १५०० वॉटच्या ड्रायरला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर सामानात आणण्यापेक्षा इथे नवा ड्रायर घेतलेला बरा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी न विचारता चालते. नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने हे साधारण २७,००० एमएएच होतं.

ड्रोन आणू नका. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहाशी बोलणारी ट्रेकिंगची यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, नुसती जप्ती नाही. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी. दारू माणशी २ लिटर. ड्यूटी-फ्रीची बाटली हातात घेऊन पुढच्या देशांतर्गत विमानाच्या सुरक्षा तपासणीला जाऊ नका, बॅग पुन्हा जमा करताना ती आत घाला.

तिठा

कागदपत्रं, येणाऱ्यांची.

ओसीआयवाले (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक): वयाच्या २० वर्षांच्या आत कार्ड काढलेलं असेल तर २० पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट आला की एकदा कार्ड नव्याने काढायचं. २० च्या आत दर नव्या पासपोर्टला आणि ५० नंतर एकदा, नवा पासपोर्ट नि फोटो ऑनलाइन चढवायचा, तीन महिन्यांत, फुकट. जुना पासपोर्ट बाळगायची सक्ती २०२१ पासून नाही. तरी परदेशातल्या चेक-इनच्या मुलीला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून छापील सूचना जवळ ठेवा.

परदेशी जावई, सुना, मित्र: ई-पर्यटक व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. पासपोर्ट सहा महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत. अर्जात नाव पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत आहे तसंच टाका, मधलं नाव गाळलं की अडकलात. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना उतरण्याआधी ७२ तासांच्या आत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. भरायला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

केनिया, नायजेरियासारख्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांना लशीचा दाखला लागतो. लस टोचल्यावर दहा दिवसांनी तो वैध होतो. लस आठवड्यापूर्वीची असली तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणजे लग्न हुकलंच.

काटकोन

परत जाण्याची कागदपत्रं येण्याआधीच बघा, विशेषतः अमेरिकावाले. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि 'लग्नाला जातोच आहे तर स्टॅम्पिंगही उरकू' असा बेत असेल, तर तो मोडा. मुलाखतीशिवाय शिक्का मिळायची सोय २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांसाठी बंद झाली. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ च्या ठरलेल्या तारखा एकगठ्ठा काही महिने पुढे गेल्या आणि माणसं इथे अडकली. विद्यार्थ्यांनी आय-२० वरची प्रवासाची सही बारा महिन्यांच्या आतली आहे ना ते पाहावं.

आणखी एक फट. युरोपात किंवा लंडनला विमान बदलताना काही ठिकाणी भारतीय पासपोर्टला संक्रमण व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर बरेचदा सूट असते, पण शिक्का संपला की ती सूटही जाऊ शकते. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या संकेतस्थळावर बघा, नंतर नाही.

वळणवाट

स्वतःचंच लग्न असलेल्यांसाठी काही? सुट्टी तीन आठवडे आणि जोडीदाराचा डिपेंडंट व्हिसा लगेच टाकायचा असेल तर?

गोदाकाठ

विधिपूर्वक लग्न करून नोंदणी, हा तीन आठवड्यांत बसणारा मार्ग. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी ९० दिवसांत करायची. वधूवर दोघं आणि तीन साक्षीदार हजर लागतात. वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधीचा फोटो, भटजींची सही. शहरात महापालिकेचं कार्यालय, गावात ग्रामपंचायत. अर्ज आधी भरून ठेवा आणि लग्नानंतर पहिल्या कामाच्या दिवशी जा. साक्षीदार गावाला परतायच्या आत. आत्याच्या घरचे दुसऱ्या दिवशी सकाळी निघतात, हे विसरू नका.

विशेष विवाह कायदा वेगळा. तिथे दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं, मग नोटीस, मग ३० दिवस थांबणं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. सुट्टीत येऊन नोटीस दिली तर सुट्टी नोटिशीतच संपते.

दाखल्यावरची नावं पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर. पत्रिकेत हौसेने छापलेलं 'चि. सौ. कां.' नाव दाखल्यावर येऊ देऊ नका. दुरुस्तीला पुन्हा दोघं हजर लागू शकतात आणि एक जण तोवर उडालेला असतो. परदेशात वापरायला दाखल्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा शिक्का) लागतं. अमिराती अपोस्टिल करारात नाही, तिथे वकिलातीचं साक्षांकन लागतं. दोन मूळ प्रती घ्या.

शेवंती

त्याला जोडून: व्हिसाच्या बायोमेट्रिक्सची तारीख लग्नानंतर आठवडाभरात असेल तर नवरीने मेंदी बोटांच्या पेरांपर्यंत काढू नये. रंगलेल्या पेरांचे ठसे यंत्र कधीकधी घेत नाही आणि तारीख पुन्हा घ्यावी लागते. नक्षी दुसऱ्या पेरावर थांबवली तरी हात भरलेलाच दिसतो. मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी, सहा-आठ तास ठेवून खरवडून काढायची, पाणी लावायचं नाही. रंग दुसऱ्या दिवशी चढतो. झटपट काळी होणारी मेंदी नकोच, त्यातल्या रसायनाने फोड येतात.

उंबरठा

परतीच्या बॅगेचं राहिलंच. लग्नघर काय काय बांधून देतं!

अमेरिकेत भारतातून तांदूळ नेता येत नाही, खाप्रा किड्यामुळे. किलो असो की मूठभर. म्हणजे आशीर्वाद म्हणून पाकिटात घातलेल्या अक्षताही काढून ठेवा. हरभरेही नाहीत. बाकी खाण्याचं जे असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर फेकून देतात, लपवलेलं सापडलं तर दंड.

अमिराती आणि सिंगापूरला खसखस बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थांत धरतात. रुखवतातले अनारसे उलटे करून बघा. खसखशीवर थापलेले असतील तर इथेच संपवा.

लोणचं, तूप, गुलकंद १०० मिलिलिटरच्या वर असतील तर हातात नाही, चेक-इनमध्ये. बरणीचं तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने बांधून झाकण फिरवा आणि बरणी उभी राहील अशी कपड्यांत रोवा. बॅग कितीही आडवी झाली तरी तेल कागदापाशी थांबतं.

पडवी

आणि ओटीतला नारळ? पाठवणीत तो हमखास बॅगेत येतो.

उंबरठा

सुकं खोबरं हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तेल जास्त असल्यामुळे ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोजतात. अख्खी गोटी असो की वाट्या. शेंडीचा ओला नारळ कंपनीवर अवलंबून असतो. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा निघायच्या दिवशी घरी फोडा, अर्ध्याचा प्रसाद वाटा, अर्ध्याच्या वड्या करून न्या. वड्या चालतात. खसखस न घातलेल्या.